राखेच्या बादलीवर मापकाची पारख

ओल्शानी ब्रिद, ओवरूचजवळ
२३ नोव्हेंबर १९९९

चि. ओनिसिम यास लवरेंती मकारोविचचे आशीर्वाद, सौ. लुकिया हिलाही तेच, पण वेगळे मोजून.

तुझ्या उजव्या गुडघ्याचे आता कसे आहे, ते कळवावे. मागच्या पत्रात तू ‘इकडे सगळे ठीक’ एवढेच लिहिलेस. चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला असे विधान पाठवू नये. ‘सगळे’ म्हटले की त्यात गुडघा आला, लुकियाचा रक्तदाब आला, तुमच्या इमारतीची लिफ्ट आली. आणि यांपैकी एकही गोष्ट गेल्या दहा वर्षांत ठीक असल्याचे मला स्मरत नाही. तेव्हा यापुढे एकेक बाब स्वतंत्र लिहावी. माझे म्हणशील, तर झोप सहा तास, भूक बेताची आणि दात नऊ (ऑगस्टमध्येही नऊच होते, या एका आघाडीवर स्थैर्य आहे). तुझ्या बहिणीच्या थडग्याभोवतीचे कुंपण मी सप्टेंबरात निळे रंगवले. मेलानियाला हिरवा आवडत असे, हे मला ठाऊक आहे. दुकानात हिरवा नव्हता. दुकानदारीणबाई ‘संपला’ म्हणाल्या. मला शंका आहे की तो आलाच नव्हता.

आता मूळ विषय. माझ्या बाहत्तराव्या वाढदिवसाला तू मला एक हातात धरण्याचा किरणमापक भेट पाठवलास. बाहत्तरी गाठलेल्या माणसाला लोक लोकरीचा गळपट्टा देतात. तू उपकरणांच्या तपासणीच्या कचेरीत हयात घालवलीस, म्हणून तुझी ही निवड मी समजू शकतो. पण समजू शकणे आणि मान्य करणे यांत फरक आहे. मापकाच्या पेटीच्या झाकणात आतल्या बाजूला कोटाच्या बटणाएवढी एक गोल खाच आहे. सोबतच्या पुस्तिकेत लिहिले आहे की या खाचेत तपासणीचा लहानसा किरणस्रोत बसवलेला असतो. रोज काम सुरू करण्याआधी मापकाचे नाक त्या स्रोतावर टेकवावे, आणि काटा पुस्तिकेत हाताने लिहिलेल्या आकड्यापाशी आला तरच उपकरणावर विश्वास ठेवावा. आकडा लिहिलेला आहे. खाच आहे. खाचेत काही नाही.

येथे तीन शक्यता संभवतात. एक, तो स्रोत मुळात बसवलाच नव्हता. दोन, टपालात कोणीतरी काढला (पण पेटीवरची तुझी लाख शाबूत होती, आणि आमच्या पोस्टमनला बटणांचा शौक असल्याचे ऐकिवात नाही). तीन, तो तू काढून ठेवलास. या तिसऱ्या शक्यतेबद्दल मी तुला सप्टेंबरात सभ्य भाषेत विचारले होते. तुझे उत्तर आले, की स्रोत टपालाने पाठवायला वेगळी परवानगी लागते, ती मिळाली की पाठवीन. ‘तोवर भावोजी, जे बदलत नाही अशा कशावर तरी रोज तपासत जा.’ ओनिसिम, पुढे जे काही घडले त्याचे मूळ तुझ्या या एका वाक्यात आहे, आणि म्हणून ते सर्व तुला वाचावे लागेल.

जे बदलत नाही असे या गावात काय आहे, याचा मी दोन आठवडे पद्धतशीर शोध घेतला. ग्रामसभेच्या कचेरीची पायरी ग्रॅनाइटची आहे. ग्रॅनाइट स्वभावतःच किंचित किरण सोडतो आणि कोणाच्या सांगण्यावरून सोडायचे थांबत नाही. तेथे मला सलग चार दिवस अठ्ठावीस मायक्रोरेंटजेन मिळाले. शिस्तीत, एकदाही इकडे तिकडे न होता. तरीही ती पायरी मी नाकारली, कारण गावचे प्रमुख सावा तेरेंतीविच त्यावर बसून सूर्यफुलाच्या बिया खातात आणि टरफले तेथेच टाकतात. टरफलांचा मोजणीवर परिणाम होत नाही हे मला माहीत आहे; पण परिणाम होत नाही हे सिद्ध करण्यातच सकाळ जाते. दुसरी वस्तू, शाळेच्या बॉयलरवर काम करणाऱ्या येवतूखचे जुने लष्करी घड्याळ, ज्याचे आकडे रेडियममुळे अंधारात चमकतात. त्याजवळ काटा चांगला उसळतो. पण येवतूख बोलका आहे, आणि बोलक्या माणसाच्या मनगटाला रोज नाक लावणे मला प्रशस्त वाटले नाही.

राहिली राख. येथील जंगलातले लाकूड जाळले की तेरा वर्षांपूर्वी अणुभट्टीच्या त्या अपघाताने झाडांत जे जे पेरले ते धुरातून जात नाही, राखेत गोळा होऊन बसते. हे आमच्याकडे लहान मुलांनाही माहीत आहे, आणि म्हणूनच कोणी त्याचा उच्चार करत नाही. बादलीभर राख एकदा झाकून ठेवली, तिच्यात भर घातली नाही आणि तिच्यातून काढली नाही, तर ती महिनोन्‌महिने तेवढेच किरण सोडत राहते. तुझ्या अटीत ही वस्तू चपखल बसते. राख घरोघर असते. माझ्याही चुलीत होती. पण स्वतःच्या खटल्यात स्वतः साक्षीदार होता येत नाही, हे साक्षीपुराव्याचे पहिले तत्त्व आहे. म्हणून मी राख बाहेरून घेण्याचे ठरवले, आणि निव्वळ अंतराच्या सोयीने (एकशे चाळीस पावले) शेजारच्या परास्का दानिलिव्ह्‌ना यांच्याकडे गेलो. होर्पिनाचे घर नव्वद पावलांवर आहे, असे तू नकाशा काढून म्हणशील. होर्पिनाकडे कुत्रा आहे.

परास्का दानिलिव्ह्‌ना तुला आठवत असतील. मेलानियाच्या अंत्यविधीला त्यांनीच बाजरीची लापशी केली होती. एक गाय, दोन डुकरे, पोल्तावाला दिलेली मुलगी, बोलणे मोजके. मी त्यांना सर्व तत्त्व समजावून सांगितले आणि शेवटी विचारले, “तुमची राख स्थिर राहील ना?”

“राखच ती, लवरेंती मकारोविच,” त्या म्हणाल्या. “उठून कुठे जाणार?”

उत्तर बिनतोड होते. त्या दिवसापासून एक लोखंडी बादली राखेने भरून, झाकण लावून, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या बाकाशेजारी ठेवण्यात आली आणि मी रोज सकाळी नऊ वाजता तेथे जाऊ लागलो. तपासणीत अंतर, कोन आणि वेळ एकच हवी, म्हणून बाकाची जागा ठरली (खिडकीकडची), मापक ठेवण्याची वीट ठरली, आणि काटा स्थिरावेपर्यंत थांबण्याची मुदत पुस्तिकेत एक मिनिट दिलेली असूनही मी ती सावधगिरी म्हणून चाळीस मिनिटांवर नेली. या अवधीत परास्का दानिलिव्ह्‌ना चहा देतात, आणि बटाट्याची धिरडी, आंबट सायीबरोबर. (याचा मोजणीशी संबंध नाही, नोंद पूर्ण असावी म्हणून लिहितो. धिरडी सहसा चार असतात.) पहिल्या महिन्याचे वाचन अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ, अठ्ठावन्न. मी समाधानी होतो. मी समाधानी असलो की काहीतरी चुकलेले असते, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवे होते.

झाले असे, की गावाने माझ्या या ये-जा करण्यावर अनुमान बांधले. होर्पिनाने दुकानाच्या रांगेत उभे राहून ते जाहीर केले, आणि मी तिच्या मागे तिसरा होतो हे तिला दिसले नसावे, किंवा दिसले असावे.

“तो म्हातारा टिकटिक्या घेऊन रोज तिच्याकडे जातो,” ती म्हणाली. “सावाकडे जातो का? नाही. माझ्याकडे येतो का? नाही. मग तिच्याकडेच का?”

“का गं?” कोणीतरी विचारले.

“का म्हणजे? सापडलंय काहीतरी! आणि रोज जातो म्हणजे रोज वाढतंय.”

ओनिसिम, एक शिक्षक म्हणून मी मान्य करतो की हे अनुमान अगदीच वाईट नव्हते. जो मनुष्य एकाच दारी रोज मापक घेऊन जातो, त्याच्याबद्दल दुसरे अनुमान काढायला पुरेसा आधार होर्पिनाकडे नव्हता. (असेल तर तिने तो रांगेत बोलून दाखवला नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.) मी तेथल्या तेथे खुलासा केला, की मी परास्काबाईंची राख तपासत नसून राखेवर माझे उपकरण तपासत आहे, तपासणारा आणि तपासला जाणारा यांची येथे अदलाबदल झाली आहे. रांगेने माझे ऐकून घेतले. मग होर्पिना म्हणाली, “म्हणजे राख जोरदार आहे, हे तुम्हीच कबूल करताय.” त्या दिवशी मी पाव न घेताच परतलो.

परास्का दानिलिव्ह्‌ना यांच्या गाईचे दूध पाच घरांत जात असे. आठवडाभरात पाचही घरांच्या रिकाम्या बरण्या त्यांच्या फाटकावर उलट्या टांगलेल्या दिसल्या. आमच्याकडे नकार असा देतात. तोंडाने कोणी काही बोलत नाही. दूध जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासलेले, त्याचा शिक्क्यानिशी दाखला त्यांच्या दारामागे टाचलेला, दाखल्यावर आकडा मर्यादेच्या निम्म्याहूनही खाली. राखेवरच्या मापकाने दुधाविषयी काहीच सिद्ध होत नाही, हे मी पाचही घरी जाऊन सांगितले. तीन घरांनी मला मापकासकट अंगणात उभे ठेवले. चौथ्या घरी, तुम्ही तिच्याकडून येताना बूट पुसून आलात का, असे विचारण्यात आले. पाचव्या घराने दार उघडले नाही, पण पडदा हलला.

मग ऑक्टोबराच्या अखेरीस एका सकाळी मी बाकावर बसलो असता परास्का दानिलिव्ह्‌ना ताज्या दुधाची बादली डुकरांच्या हौदात ओतून आत आल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, की नाताळच्या उपासाआधी गाय विकायची आणि मुलीकडे पोल्तावाला जायचे, असे त्यांनी ठरवले आहे. घराला कुलूप लावणार. चर्चमध्ये बायका शेजारी उभ्या राहत नाहीत, आणि साठाव्या वर्षी असल्या गोष्टींची सवय करून घ्यायची त्यांची इच्छा नाही.

“हे तर्काला धरून नाही,” मी म्हणालो.

“गाय तर्काला धरून दूध देत नाही,” त्या म्हणाल्या. “धिरडी थंड होतायत.”

तीन धिरडी होती. मी ती मोजत बसलो, आणि काट्याकडे पाहायचे त्या दिवशी विसरलो. वहीत ती जागा कोरी आहे.

तू अधिकारी माणूस आहेस, म्हणून या पेचाचे स्वरूप तुझ्या लगेच लक्षात येईल. मापक बिघडलेला आहे असे मी जाहीर केले, तर परास्काबाई निर्दोष ठरतात. पण मापक बिघडलेला नाही. मापक चांगला आहे असे सिद्ध केले, तर तो त्यांच्या राखेवर सर्वांसमक्ष टिकटिकतो आणि गाव म्हणते, बघा. यातून बाहेर पडण्याचा मार्ग एकच: त्यांची राख इतरांच्या राखेसारखीच आहे, हे दाखवणे. एकाच जंगलातले लाकूड जाळणाऱ्या गावात ते तसे असणारच. म्हणून मी सावा तेरेंतीविचना पायरीवर गाठले आणि रविवारी, चौदा तारखेला, प्रार्थनेनंतर संस्कृतिगृहात सभा बोलावण्यास सांगितले. प्रत्येक घराने आपल्या चुलीतील बादलीभर राख आणावी.

“कशाला?” सावांनी टरफल थुंकत विचारले.

“सत्य कळावे म्हणून.”

“कुणाचं?” ते म्हणाले. हा प्रश्न मला तेव्हा उद्धट वाटला होता. आता वाटत नाही.

सभेला बारा घरांतून बारा बादल्या आल्या, आणि माझी तेरावी मी पडद्यामागे ठेवली (कारण पुढे येईल). रंगमंचावर एका रांगेत बादल्या, मधे टेबल, टेबलावर वीट, विटेवर मापक. मी आधी हॉलची पार्श्वभूमी मोजून दाखवली: चौदा. मग सावांची राख: सोळा. मग होर्पिनाची: सोळा. पोस्टमनची: सोळा. त्यानंतर सलग आणखी आठ घरे, आणि सर्व सोळा. एकही सतरा नाही, ओनिसिम. मागे कोणी टाळी वाजवली. शेवटी परास्का दानिलिव्ह्‌ना यांची बादली, तीच, बाकाशेजारची. मापक टिकटिकू लागला तेव्हा पहिल्या रांगेतील बायकांनी पाय आत ओढून घेतले. अठ्ठावन्न.

“मी म्हणत नव्हते?” होर्पिना उठून उभी राहिली. “मी म्हणत नव्हते का? अहो, अकरा घरं धुतल्या तांदळासारखी, आणि एकच...”

परास्का दानिलिव्ह्‌ना यांनी रुमालाची गाठ घट्ट केली आणि दाराकडे पाहिले. मी तुला स्वच्छ सांगतो, त्या क्षणी मला चौतीस वर्षांत शिकवलेले काहीही आठवले नाही. फक्त तो सोळाचा आकडा मला खुपत होता. अकरा चुली, अकरा लाकडे (कोणाचे भूर्ज, कोणाचे अल्डर, सावांचे तर कुंपणाचे खांब), अकरा बायकांचा अकरा तऱ्हेचा जाळ. आणि राख मात्र एका साच्यातून काढल्यासारखी! निसर्ग इतका नेमका नसतो. इतकी नेमकी फक्त फसवणूक असते. मी हॉलमधल्या शेगडीचा चिमटा घेतला आणि सावांच्या बादलीत खुपसला. खर्र असा आवाज आला. लाकडाची राख मऊ असते, पिठासारखी. तिच्यात खर्र करायला काही नसते. चिमट्याला वितळून गोठलेला काळा खडा लागला. होर्पिनाच्या बादलीत तसाच. पोस्टमनच्या बादलीत तसाच, जरा मोठा.

“या गावात कोळसा कोण जाळते?” मी विचारले.

गावात कोळसा एकाच ठिकाणी जळतो, शाळेच्या बॉयलरमध्ये, आणि तोही दूरच्या खाणीतला, आमच्या जंगलाशी ओळख नसलेला. हॉलमधली सर्व डोकी सावकाश मागच्या रांगेकडे वळली, जेथे येवतूख टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

“माझ्याकडे काय बघताय?” तो म्हणाला. “मी काय करू? गुरुवारपासून एकेक जण मागच्या दारानं येतोय. येवतूख बाबा, थोडी राख दे, तुझी साफ असते. आणि प्रत्येकानं पोराबाळांची शपथ घातली, कुणाला सांगू नकोस म्हणून. मी सांगितलं का कुणाला? अकरा जण आले, अकराही जणांना वाटलं आपण एकटेच. आहे का गावात माझ्यासारखा माणूस?”

“अकरा?” सावांनी दुखावल्या स्वरात विचारले. “मला तर म्हणालास, फक्त तुम्हालाच देतोय, प्रमुख म्हणून.”

“तुम्ही पहिले आलात, तेव्हा खरंच होतं ते.”

सभा मग सभा राहिली नाही. नवरे बायकांकडे पाहू लागले, कारण दोन घरांतून दोघेही स्वतंत्रपणे, एकमेकांना न सांगता गेले होते, असे निघाले. मग अकरांत किती घरे आणि किती माणसे, यावर वेगळा वाद सुरू झाला. तो मिटेपर्यंत मी पडद्यामागून माझी बादली ओढत आणली. ती माझ्या स्वतःच्या चुलीतली होती, दलदलीपलीकडच्या जुन्या पाइनची राख, आणि तिचा आकडा मला शुक्रवारीच माहीत होता (पडद्यामागे ठेवण्याचे कारण तेच). मी मापक तिच्यावर धरला. तो इतक्या जोराने टिकटिकला की मागच्या रांगेलाही ऐकू गेले. एकशे तीन.

होर्पिना म्हणाली, “अगं बाई! म्हणजे परास्काबाई नाही, तुम्हीच तिच्याकडे नेत होतात!” (हे अनुमानही चूक होते, कारण राख माझ्या खिशात नसते, पण मी ते खोडले नाही.) कोणीतरी हसले, मग सगळेच हसले, आणि हसणाऱ्या लोकांनी एकमेकांना आपापल्या खऱ्या चुलींविषयी खरे सांगायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत मी घरोघर जाऊन खरी राख मोजली: एकेचाळीस, सत्तर, पंचावन्न, बासष्ट, होर्पिनाची एक्याऐंशी. कुत्रा चावला नाही. दुसऱ्या दिवशी सावांनी गावाबाहेर खोल खड्डा खणवून घेतला आणि यापुढे राख बागेत न टाकता तेथेच पुरावी, असा ठराव केला. तेरा वर्षांत या गावाने केलेला हा पहिला उपयोगी ठराव. पाच बरण्यांपैकी चार फाटकावर सुलट्या आल्या. पाचवीही येईल, तेथे पडदा पुन्हा हलतो आहे. गाय विकली गेलेली नाही. माझ्या घरासमोरच्या बाकावर मात्र आता कोणी येऊन बसत नाही, आणि दुकानाच्या रांगेत माझ्यापुढे व मागे प्रत्येकी एक मीटर मोकळी जागा असते. तिचा मला त्रास नाही. वाचायला बरे पडते.

आता निष्कर्ष. मापकाने सोळा, अठ्ठावन्न आणि एकशे तीन यांत भेद केला, यावरून तो भेद करू शकतो एवढेच सिद्ध झाले. तो अचूक आहे, हे सिद्ध झालेले नाही. सर्वच आकडे तो निम्मे किंवा दुप्पट दाखवत असेल, तर ते या गावात कोणालाही कधीही कळणार नाही. अधिकृत स्रोताशिवाय हे उपकरण म्हणजे ज्याचे चारित्र्य चांगले आहे असे फक्त तो स्वतःच सांगतो, असा साक्षीदार आहे. त्या रिकाम्या खाचेबद्दल माझा तुझ्यावरचा संशय अजून गेलेला नाही. परास्का दानिलिव्ह्‌ना यांच्या बादलीवरील दैनंदिन तपासणी मी अर्थातच चालू ठेवली आहे. सोळा तारखेपासून आजपर्यंतचे वाचन अठ्ठावन्न, फक्त शुक्रवारी सत्तावन्न (हवा दमट होती).

लुकियाने रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यावी, संध्याकाळी नव्हे. कळावे.

तुझा,
लवरेंती मकारोविच

ता. क. वरील सर्व मजकूर तर्कदृष्ट्या निर्दोष असला, तरी त्यावरून तू स्रोत पाठवायची घाई करावीस असा निष्कर्ष निघत नाही. परवानगी मिळाली नसेल तर मागे लागू नकोस. मिळाली असेल तर ती हरवावी. अधिकृत स्रोत पेटीच्या झाकणात बसला की तपासणी घरच्या घरी एका मिनिटात होते, आणि मग एकशे चाळीस पावले चालण्याला कोणताही आधार उरत नाही. माझ्या वयात चालणे आवश्यक आहे, असे डॉक्टरही म्हणतात. (विचारलेले नाही.)

दुसरा ता. क. उलट तुझ्या कचेरीच्या शीर्षकाच्या कागदावर, शिक्क्यासह, एवढेच लिहून पाठवता आले तर पाहा: ‘या प्रकारच्या मापकाची तपासणी रोज, एकाच ठिकाणी, एकाच बाकावर, हिवाळाभर करणे आवश्यक आहे.’ किती वर्षे, ते लिहू नये. कागद मी परास्काबाईंना दाखवणार आहे. तो सत्य म्हणून नको, केवळ आधार म्हणून हवा. या दोहोंतला फरक तुला मी १९६१ साली तुमच्या अंगणात समजावला होता.

तिसरा ता. क. मेलानिया जाऊन सहा वर्षे झाली. तू तिचा भाऊ आहेस, आणि तिच्या माणसांपैकी आता तूच उरला आहेस. मी कुठल्या गोष्टीसाठी विचारतो आहे, ते तू ओळखले असशील. तुझी हरकत असेल तर तीही स्वतंत्र बाब म्हणून लिहावी. निळ्या रंगावर हिरवा वसंतात चढवीन.

ओनिसिम भाऊ, मी परास्का. आज मी ओवरूचला बाजाराला चाललेय, म्हणून हे पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय. पाकीट उघडंच दिलं. डिंक संपलाय म्हणाले. कपाटात बाटलीभर डिंक आहे, मी बघितलाय. एवढा नेमका माणूस पाकीट उघडं देतो, ते बाईनं वाचावं म्हणूनच, एवढं तर्कशास्त्र मलाही येतं. म्हणून वाचलं.

तुमच्या कचेरीचा कागदबिगद पाठवू नका, फुकट शिक्का खराब. सभेच्या दुसऱ्याच दिवशी बादलीतली राख मी त्या खड्ड्यात टाकून आले. आठ दिवस झाले, बादली रिकामी आहे. झाकण तेवढं वर आहे. तुमचे भावोजी रोज येतात, खोकं विटेवर ठेवतात, चाळीस मिनिटं माझ्याकडे बघतात आणि वहीत अठ्ठावन्न लिहितात. शुक्रवारी सत्तावन्न लिहिलं, त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं आणि मी फार बोलले नव्हते.

तुमची हरकत असली तर मला लिहा, त्यांना नको. ते त्यावर आठ पानं लिहितील. नसली तर उद्यापासून खोकं घरी ठेवून या, असं मी त्यांना सांगणार आहे. हात मोकळे राहिले, तर विहिरीवरून पाणी तरी आणतील.